तीन थेंब

माझा नातू काचेच्या पेटीत होता आणि माझ्या पर्समध्ये पाण्याची छोटी बाटली होती. पाणी साधंच, हॉस्पिटलच्या फिल्टरचं. फादर वेळेवर पोचत नसतील आणि जीव चालला असेल, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं आणि पाणी कुठलंही चालतं. डोक्यावर तीनदा पाणी सोडायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं तेवढे शब्द म्हणायचे. श्रीरामपूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात मी नोकरीभर नर्स होते. आपल्या ख्रिस्ती मंडळींतलं एखादं पोर जन्मताच निळं पडलं की सिस्टर मला खूण करायच्या आणि मी कापसाचा बोळा भिजवायचे. आई शुद्धीवर नसायची, बाप बाहेर येरझाऱ्या घालत असायचा. हात अडायचा नाही माझा कधी.

आता अडत होता. कारण माझ्या मुलानं, सुनीलनं, मला बजावून ठेवलं होतं की त्याच्या पोराच्या डोक्यावर मी पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

सुनीलचं लग्न रजिस्टर झालं. बायको ज्ञानेश्वरी, देवळाली प्रवऱ्याच्या शेतकरी घरातली, नगरला शाळेत शिकवते. पोरगी गुणाची आहे, तोंडावर बोलणारी आहे, म्हणून माझं तिच्याशी जमलं. दोघांनी आधीच ठरवलं होतं की मुलाचा ना बाप्तिस्मा करायचा, ना सटवाई पुजायची. मोठं झालं की त्याचं तो ठरवील. मी त्यावर आठवडाभर अबोला धरला होता. मग सुनील माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तूच शिकवलंस ना, देवानं माणसाला निवडायची मोकळीक दिली म्हणून? मग माझ्या पोरालाच ती का न्हाई?"

हा मुलगा लहानपणापासून असाच. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यानं एकदा विचारलं होतं की मी चांगला वागणार का वाईट हे देवाला आधीच माहीत आहे, तर मग मी ठरवतो ते काय? सिस्टरांनी त्याला बाकावर उभं केलं आणि घरी आल्यावर मीही चार शब्द सुनावले. उत्तर मात्र दोघींपैकी कोणीच दिलं नाही. उत्तर आम्हाला येत नव्हतं.

पोर सातव्या महिन्यातच झालं. ज्ञानेश्वरीचं बीपी वाढलं, ऑपरेशन करावं लागलं. ती वरच्या मजल्यावर आणि पोर खाली, श्वासाच्या मशीनवर. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. हे वाक्य मी स्वतः इतक्या लोकांना सांगितलेलं आहे की त्याचा अर्थ मला कोणी समजावून द्यायला नको.

मी फादरांना फोन लावला. फादर सुनीलच्याच वयाचे, आवाज गोड. ते म्हणाले की बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्च आता देवाच्या दयेवर सोपवतं, तुम्ही घाबरू नका, आणि आईवडील नको म्हणत असतील तर बाप्तिस्मा देऊही नका.

"आता सोपवतं म्हणजे? आधी काय करत होतं?" मी विचारलं.

मी फोन ठेवून दिला. राग आला मला, आणि तो गोड आवाजावर नव्हता. सुनीलच्या आधी मला एक मुलगी झाली होती. सकाळी झाली आणि दुपारी गेली. तेव्हाचे फादर दुसऱ्या गावी मिस्सेच्या प्रार्थनेला गेले होते आणि बाप्तिस्मा आपणही देऊ शकतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बाप्तिस्मा नाही म्हणून तिला कब्रस्तानात आत जागा मिळाली नाही. कुंपणाला लागून, बाभळीखाली पुरली. क्रूस नाही, नाव नाही. पुढे नर्सिंग शिकले, दवाखान्यात लागले आणि पहिल्यांदा बोळा हातात घेतला तेव्हा मनाशी म्हटलं, आता एकही पोर कुंपणाला जाऊ द्यायचं नाही. नंतरच्या सगळ्या पोरांना मी तिच्यासाठी पाणी घातलं. आणि आता हे म्हणतात, घाबरू नका.

दुपारी भेटीची वेळ झाली. ज्ञानेश्वरीला अजून उठवत नव्हतं, म्हणून मला आत सोडत होते. हात धुतले, हिरवा गाऊन चढवला. बाटली गाऊनच्या आत कमरेला खोचली. या वयात मी चोरासारखी आत शिरले.

पोर माझ्या ओंजळीत मावलं असतं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. नाकात नळी, पायाला वायर. मी बघत राहिले आणि नको तो विचार आलाच. माणूस पाप घेऊनच जन्माला येतो, असं मी पाठ केलं, सुनीलकडून पाठ करून घेतलं. पण ह्यानं कधी केलं पाप? ह्याचा श्वाससुद्धा ह्याचा स्वतःचा नाही, मशीनचा आहे, आणि पाप तेवढं ह्याचं? आणि माझ्या मुलीचं? तिनं तर डोळेही उघडले नव्हते.

मशीन वाजायला लागलं. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. नर्स पळत आली, नळी सारखी केली, पोराची पाठ हलकेच चोळली. आकडा वर आला, पण पुरता नाही. नर्सनं मला बाजूचं स्टूल दिलं आणि हातात कापसाचे बोळे आणि एक छोटी वाटी दिली. तीत आईचा चीक, म्हणजे पहिलं दूध, वरच्या मजल्यावरून काढून आणला होता, जेमतेम तळाला. बोळ्यानं त्याच्या ओठांना आतून लावा, एवढंच तुम्हाला करता येईल, असं सांगून ती दुसऱ्या पेटीकडे गेली.

म्हणजे बोळा माझ्या हातात होता, पेटीची खिडकी उघडी होती आणि कोणी बघत नव्हतं. मी वाटी मांडीवर ठेवली आणि कमरेची बाटली काढली. झाकण फिरवलं. बोळा भिजवला.

"आई."

मागे ज्ञानेश्वरी होती. वॉर्डातल्या बाईनं तिला व्हीलचेअरवर बसवून आणलं होतं. तोंड सुजलेलं, हातात सलाईनची सुई तशीच. तिनं माझ्या हातातला बोळा पाहिला, बाटली पाहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार आणि ओरडायचा तिला हक्क आहे.

"घाला," ती म्हणाली. "तुमचं काय असंल ते करा. माझ्या आईनं मोहट्याच्या देवीचा अंगारा पाठवलाय, तो बी लावा. सुनीलला मी सांगते."

"तुला पटतं का हे?"

"मला काय बी पटत न्हाई, आई. मला भीती वाटती."

मला हवी होती ती परवानगी मिळाली होती. मी हात पुढे नेला आणि तो तिथेच राहिला. कुंपणाजवळ उभी राहिलेली मी मला त्या खुर्चीवर दिसली. तीही अशीच कबूल झाली असती, कुणीही काहीही सांगितलं असतं तरी. देवावर विश्वास होता म्हणून नाही, पोर चाललं होतं म्हणून. भीती घालूनच हो म्हणवून घ्यायचं, तर देवानं निवडायची मोकळीक दिली कशाला? तीन थेंब पाण्यासाठी देव एवढ्याशा पोराला दारातून परत पाठवत असेल, तर त्या दारात मला तरी काय काम?

असं मी मनात म्हटलं आणि ओठांवर आपोआप क्षमेची प्रार्थना आली. जन्मभराची सवय आहे, असं म्हणून जात नाही. मला खरंच वाटलं की आता मशीन वाजेल आणि ही माझी शिक्षा असेल. पण तो बोळा मी कचऱ्यात टाकला. दुसरा घेतला, वाटीत बुडवला.

"ये, जवळ ये," मी ज्ञानेश्वरीला म्हटलं. "हे तुझं दूध हाय. तूच लाव. पाण्याचं आणि अंगाऱ्याचं पोर घरी आल्यावर बोलू. तवा बी हेच म्हनलीस, तर मी घालीन."

तिचा हात धरून मी तो पेटीत नेला. दूध म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, एवढं मला कळतं. पोराच्या ओठांना बोळा लागला आणि त्यानं जीभ बाहेर काढली, किंचित. ज्ञानेश्वरी रडायला लागली. आकडा होता तिथेच होता.

बाहेर सुनील भिंतीला टेकून उभा होता. व्हीलचेअर गेल्यावर तो माझ्याजवळ आला. माझ्या कमरेला बाटलीची ओल आली होती, तिकडे त्यानं बघितलं.

"घातलंस पाणी?"

"न्हाई."

त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्याचा चेहरा पडला, आणि मला कळलं की मी गुपचूप घातलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यालाही आतून वाटत होतं.

"का न्हाई घातलंस?" त्यानं विचारलं.

"मोठा झाला की त्याला विचारीन. तूच म्हनला व्हतास ना?"

"आणि विचारायला तो राहिलाच न्हाई तर?"

मी त्याचा हात घट्ट धरला. आत मशीन पुन्हा वाजायला लागलं होतं.

"तर मी देवाला विचारीन," मी म्हणाले. "तुझ्या बहिणीच्या वेळंला विचारलं न्हाई. आता दोघांचं मिळून विचारीन, आन् उत्तर घेतल्याशिवाय उठनार न्हाई."