भाल्याला फुटलेला घाम

"घामेजला! आरं, भाला घामेजला!"

देवळाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं आणि मागची सगळी गर्दी पुढं लोटली. बाया लेकरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या. रिटायर सुभेदार टोप्या काढून हात जोडून उभे होते. मोबाइल तर इतके वर धरलेले की मला समोरचं काही दिसेना. भैरोबाच्या गाभाऱ्यात लाल कापडावर हातभर लांबीचं एक गंजकं पातं ठेवलं होतं, आणि त्याच्यावर पिवळट तांबूस थेंब उगवले होते. खरंच उगवले होते, खोटं कशाला सांगू? कुणी पाणी शिंपडलं नव्हतं. थेंब मोठा होई, ओघळे, आणि आकाराम महाराज तो कापसाच्या बोळ्यानं टिपून एकेकाच्या कपाळाला लावत.

"बोला, भैरोबाच्या नावानं चांगभलं!" महाराजांचा आवाज माइकशिवायच पार एसटीच्या थांब्यापर्यंत जात होता. "भाल्याला घाम आला म्हंजी देवाला लढाईचा वास आला! ज्याच्या मनात भाव, त्याच्या अंगाला ना गोळी लागंल ना दगूड! ज्याच्या मनात किंतू, त्याची जबाबदारी आमच्यावर न्हाई!"

बघा, जबाबदारीचं कलम कसं मागच्या मागं घातलं. विमा एजंटालासुद्धा जमायचं नाही.

मी पाटणच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. राहायला मात्र माझ्या गावातच, म्हणजे वरच्या वाडीत. हे महाराज श्रावणात आटपाडीकडून आले. आल्या आल्या त्यांना स्वप्न पडलं, की आमच्या पूर्वजांचा लढाईतला भाला देवळाच्या फरशीखाली आहे. सरपंच लालासाहेबांनी लगेच फरशी उखडायला लावली. अर्धा दिवस पोरांनी खणलं, हाताला माती आणि मुरूम. लोक कंटाळून घरी निघाले, तेव्हा महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटून नामस्मरण करायला सांगितलं आणि अनवाणी स्वतः खड्ड्यात उडी घेतली. डोळे उघडले तेव्हा पातं त्यांच्या हातात होतं.

आता याच्यात मला कुठं हसू यावं? पण आलं. कारण ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात शिकवतो.

लालासाहेबांनी मोठी सभा बोलावली तेव्हा मी उठलो. सभेचं कारण दसऱ्याचं होतं. आमच्याकडं खंडेनवमीला घरोघरची हत्यारं पुजतात. कोयते, विळे, ट्रॅक्टर, फौजेतल्या माणसाची जुनी पेटी, सगळ्याला हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. गाव वाजतगाजत शिवेवर जातं, आपट्याची पानं लुटतं, परत येतं. आमच्या शिवेवरचं आपट्याचं झाड पठारावरच्या गायरानात आहे, आणि ते गायरान आमचं की खालच्या वाडीचं, हा वाद माझ्या लहानपणापासून चालू आहे. आजवर समजुतीनं चाललं होतं. खालची वाडी सकाळी यायची, आम्ही दुपारी. यंदा लालासाहेबांनी जाहीर केलं की भाला पुढं घालून आपण सकाळीच जायचं आणि झाडाला आपला झेंडा बांधायचा.

मी म्हणालो, "लालासाहेब, मला जरा इतिहासातलं सांगायचंय."

"सांगा की सर. इतिहासच घडवायचाय आपल्याला."

मग मी अँटिओकची गोष्ट सांगितली. नऊशे वर्षांहून जुनी. युरोपातले ख्रिस्ती लोक धर्माच्या नावानं लढायला निघाले, अँटिओक नावाचं शहर जिंकलं आणि लगेच त्याच शहरात कोंडले गेले. बाहेर शत्रूची भली मोठी फौज, आत खायला दाणा नाही. तेव्हा पीटर नावाच्या एका गरीब यात्रेकरूनं सांगितलं, की संत माझ्या स्वप्नात आले, येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथल्या चर्चच्या जमिनीखाली आहे. दिवसभर खणलं, काही सापडेना. मग पीटरनं अनवाणी खड्ड्यात उडी घेतली, सगळ्यांना प्रार्थना करायला लावली आणि लोखंडाचा तुकडा बाहेर काढला. त्यांच्याच बिशपला ते पटलं नव्हतं. तसला एक भाला आधीच कॉन्स्टँटिनोपलात पुजला जात होता. पण उपाशी फौजेला कोण थांबवणार? भाला घेऊन ते बाहेर पडले आणि...

"आनि?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"आणि लढाई जिंकले," मी म्हणालो. खरं ते खरं.

झालं! टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. "बघा, बघा! गोऱ्यांचा भालाबी पावला!" "सर, लय भारी सांगितलंसा!" महाराजांनी तर मला हार घातला. मी ओरडून सांगत होतो, अरे, पुढचं ऐका, शत्रूच्या सरदारांत फूट होती, ते लढायच्या आधीच पळत सुटले! ऐकतंय कोण? ढोल सुरू झाले होते. गळ्यात झेंडूचा हार घेऊन मी घरी आलो. इतका मूर्ख मी आयुष्यात दिसलो नसेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या साळूवहिनी आल्या. नवरा फौजेतून पेन्शनवर आला आणि थोड्याच दिवसांत गेला. मागं एकुलता एक ऋषिराज. माझाच विद्यार्थी. पोरगं दोन वर्षं रोज पहाटे पठारावर पळत होतं. फौजेच्या भरतीचं मैदान मारलं, लेखी पास झाला, आता फक्त मेडिकल राहिलं होतं. दिवाळीनंतर.

"भावजी, महाराजांनी भाला धरायचा मान ऋषीला दिलाय," वहिनी म्हणाल्या. तोंडावर अभिमान होता, पण तो पुढच्याच वाक्याला गेला. "मला तर रात्रभर डोळा लागला न्हाई. खालच्या वाडीची पोरंबी काठ्या तासायला लागल्यात म्हनं. भांडणात केस झाली, कुठं हातपाय मोडला, तर भरती गेलीच की! तुमचं ऐकतोय तो. तुमी सांगा त्याला."

मी आटपाडीला वर्धमानला फोन लावला. वर्धमान तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमची बी.एड.पासूनची दोस्ती.

"आकाराम?" तो हसायलाच लागला. "अरे, तो इकडं एका शेडमध्ये होता की कामाला. लोखंडावर जस्त चढवतात तिथं. जस्त चढवायच्या आधी लोखंड अ‍ॅसिडच्या हौदात बुडवून काढतात. तिथंच शिकला असणार. इकडंही त्यानं भाला काढला होता, पण त्याला घाम काही फुटेना! आमची हवा कोरडी ठणठणीत. म्हणून तुमच्या कोयनेच्या दमटात आला लेकाचा."

मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. लोखंड अ‍ॅसिडमध्ये भिजवून न धुता वाळवलं की त्याच्या गंजात एक क्षार तयार होतो. तो हवेतली वाफ ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळतो. पिवळे तांबूस थेंब दिसतात ते हेच. कोरड्या दिवशी थेंब नाहीत, ढगाळ दिवशी भरपूर. आणि गाभाऱ्याचं दार लावून आत फरशी पाण्यानं धुतली की हमखास. मला आठवलं, दर्शनाच्या आधी महाराज "गाभारा शुद्ध करतो" म्हणून दार लावून घ्यायचे.

संडास धुवायचं अ‍ॅसिड वाण्याकडून आणलं आणि घरचं जुनं खुरपं परसात भिजत घातलं. पोरांना लांब ठेवून, तोंडाला फडकं बांधून. वाळवलं. खंडेनवमीच्या सकाळी आभाळ भरून आलं आणि माझं खुरपं असं घामेजलं की भाल्यानं लाजावं. मी ते ताटात घेऊन देवळात गेलो आणि भाल्याच्या शेजारी ठेवलं.

"हे बघा," मी म्हणालो. "यानं कुठली लढाई मारली? यानं आयुष्यभर गवत काढलंय! अ‍ॅसिडमध्ये बुडवलं, बस. कुणाच्याही घरच्या लोखंडाला असा घाम येतो. महाराजांनी भाला साबणानं धुऊन, उन्हात ठेवून दाखवावा."

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात हरणाबाई, आमच्या गल्लीतली म्हातारी, पुढं सरकली. तिनं खुरप्याला हात लावला, बोट कपाळाला टेकवलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सरांच्या घरातबी देव आला गं बाई!"

महाराजांना तेवढंच हवं होतं. "बोला चांगभलं! भाल्याच्या नुसत्या वाऱ्यानं खुरपं जागं झालं!"

लोकांनी माझ्या खुरप्याला हळदकुंकू वाहिलं. मी काय करायचं होतं? मला सांगा, काय करायचं होतं?

लालासाहेबांनी मला बाजूला घेतलं. ते शहाणे आहेत, मूर्ख नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमचं खरं असंल. मला अ‍ॅसिडचा वास पैल्याच दिवशी आलाय. पर गाव एक झालं नव्हं? ज्याच्या देवळात भाला, त्याच्या मागं गाव. निवडणूक तोंडावर हाय. तुमी आपलं कॉलेज बघा."

अँटिओकमध्येही हेच झालं होतं. भाला ज्या सरदाराच्या ताब्यात, त्याचा शब्द फौजेत वजनाचा. धर्म त्या खड्ड्यात सापडला नव्हता, सत्ता सापडली होती.

ऋषिराजला मी घरी बोलावलं. खुरपं धुतलं, चुलीजवळ वाळवलं. पुन्हा थेंब येईनात. त्यानं स्वतः हातात धरून पाहिलं. पोरगं हुशार, लगेच समजलं.

"आणि त्या पीटरचं पुढं काय झालं ते ऐक," मी म्हणालो. "लोक शंका घ्यायला लागले. तेव्हा तो म्हणाला, भाला घेऊन मी आगीतून चालतो. जैतुनाच्या फांद्यांचे दोन ढीग पेटवले आणि तो मधून गेला. थोड्याच दिवसांत मेला बिचारा. सरदार मात्र जगले."

ऋषिराजनं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, "सर, मला पटलंय. घाम अ‍ॅसिडचाच हाय. पर उद्या मी न्हाई गेलो तर? सगळ्या गावापुढं नाव पुकारलंय माजं. भ्याला म्हनतील. फौजेत निघालेलं पोरगं शिवेवर जायला भ्यालं म्हनतील. बापाचं नाव जाईल, सर."

"अरे, पण तुला माहीत आहे ना ते खोटं आहे?"

"म्हाईत हाय की."

"मग?"

"मग काय. जायलाच लागतंय."

मी ओरडलो, समजावलं, शेवटी हातापाया पडलो. पोलिसांना फोन केला, त्यांनी "बंदोबस्त आहे" म्हणून सांगितलं. दोन हवालदार आले, लालासाहेबांकडं चहा प्यायले. खालच्या वाडीच्या पाटलांना मी स्वतः जाऊन भेटलो. ते म्हणाले, "आमची पोरंबी आमचं ऐकत न्हाईत, सर."

दसऱ्याला सकाळी पठारावर धुकं होतं. ऋषिराज सगळ्यांच्या पुढं. नव्या दांड्याला ते पातं बसवलेलं, अंगावर नवा पांढरा शर्ट. महाराज सगळ्यात मागं, लालासाहेबांच्या जीपमध्ये. मी पोरांच्या बरोबरीनं धापा टाकत चाललो होतो, "परत फिरा" म्हणत. आपट्याच्या झाडाखाली खालची वाडी आधीच उभी होती. कुणी काय बोललं कळलं नाही. पहिला दगड कुठून आला तेही कळलं नाही. ऋषिराज डोळ्यावर हात दाबून खाली बसला आणि बोटांमधून रक्त यायला लागलं. पातं गवतात पडलं. त्या पात्यावरून दोन्ही वाड्यांची माणसं पळाली.

डावा डोळा गेला. कराडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की तो येणार नाही, आणि आता उजवा जिवापाड जपा, अशा जखमेनंतर चांगला डोळाही दुखावू शकतो. मेडिकलचा प्रश्नच मिटला.

महाराज गावातच आहेत. देवळात सांगतात, "पोराच्या मनात किंतू घातला कुनी? इचारा त्या मास्तरला! भाव असता तर दगूड लागलाच नसता." लोक माना डोलवतात. दवाखान्यात साळूवहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. मग एकदा बोलल्या. "भावजी, तुमी त्याच्या मनात कशाला घातलं वं? त्याच्या मनात भाव ऱ्हायला असता तर वाचला असता माजा ल्योक." ती आई आहे.

आणि मग मला त्यांच्या पिशवीत बाटली दिसली. पिवळट तांबूस. भाल्याचं तीर्थ, महाराजांनी पाठवलेलं. उजव्या डोळ्यात घालायला.

"वहिनी, हे अ‍ॅसिड आहे. डोळा जळेल!"

"तवाबी असंच म्हनला हुतासा," त्या म्हणाल्या.

मी बाटली हिसकावून मोरीत ओतली. ऋषिराज पट्टीखालून म्हणाला, "आई, सरांचं ऐक." दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली आली. ती नर्सनं फेकली. तिसरी कुणी आणली माहीत नाही, उशाखाली होती. ऋषिराजला गोळ्यांनी सारखी झोप लागते. मी कॉलेज सुटलं की कराडला जातो, पण बाकीचा दिवस वहिनी तिथं एकट्या असतात, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

म्हणून हे लिहितोय. कुठं लोखंडाला घाम फुटला, तर कपाळाला लावायच्या आधी विचारा. हा थेंब कशाचा? कोरड्या दिवशी का येत नाही? धुतल्यावर का थांबतो? आणि दगड पडायला लागल्यावर हा थेंब वाटणारा माणूस कुठं बसलेला असतो? कॉलेज शिकलेल्यांनी हे विचारायला हवं आणि अडाण्यांनीही विचारायला हवं, याला डिग्री लागत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी कराडच्या आसपास राहत असेल, तर दुपारच्या वेळी त्या पोराच्या खाटेशी थोडा वेळ जाऊन बसा. वहिनींना काही समजावू नका, ते मी करून थकलोय. फक्त त्या उजव्या डोळ्यात काही पडू देऊ नका.