चर्चा करावी

अपील करायची मुदत नव्वद दिवसांची होती आणि नगरपालिकेने ते केलं सहाशे बाराव्या दिवशी. मधल्या काळात फाईल काय करत होती, हे वाचनालयाच्या बाईंना चांगलं ठाऊक होतं. ती झोपा काढत होती.

खालच्या कोर्टाने वाचनालयाची जागा शेजारच्या गोदामवाल्याला देऊन टाकली. अपील करायचं ते नगरपालिकेने. बाई नुसत्या पगारी नोकर. पण घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या तीसेक मुली रोज तिथे बसत, आणि निकालानंतर आठवड्याभरात बाईंना जुन्या हजेरीपुस्तकांच्या गठ्ठ्यात जागेचं मूळ दानपत्रच सापडलं. त्या धावत कचेरीत गेल्या. तिथेच घोडं अडलं.

पहिल्या साहेबांनी फाईलवर लिहिलं, ‘चर्चा करावी.’ कचेरीची रीत अशी, की ही चर्चा साहेबांशीच व्हायची, आणि तोवर फाईल जागची हलायची नाही. चर्चेआधीच साहेबांची बदली झाली. दुसऱ्यांनी ‘चर्चा झाली का?’ असं विचारून खाली पुन्हा ‘चर्चा करावी’ लिहिलं आणि ते लांब रजेवर गेले. तिसरे साहेब रोज हजर असत, हे कबूल करायला हवं. पण त्यांनीही तेच लिहिलं, आणि बाई गेल्या की ते मीटिंगमध्ये असत.

“अहो, मी करते ना चर्चा!” बाई एकदा कारकुनावर कडाडल्या. “तुमच्याशी करते, शिपायाशी करते, या पंख्याशी करते!”

“तसं चालत नाही बाई. शेरा साहेबांचा आहे.”

शेवटी चौथ्या साहेबांनी न बोलता सही केली. वरातीमागून घोडं निघालं.

“पाचशे बावीस दिवस उशीर,” न्यायाधीश म्हणाले. “कारण?”

“प्रशासकीय, सर,” नगरपालिकेचे वकील म्हणाले. “तीनदा चर्चा करायचं ठरलं होतं.”

“मग झाली?”

वकिलांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने छताकडे. “नाही, सर.”

“साधा माणूस महिनाभर उशिरा आला तर आम्ही त्याला जाब विचारतो. तुम्हाला वेगळा कायदा नाही.” विलंब माफ झाला नाही, अपील फेटाळलं गेलं. जागा रिकामी करायला पंधरा दिवस मिळाले.

बाई उठल्या. “साहेब, एवढा एक कागद बघा हो.”

“बाई, अपीलच उरलं नाही. कागद कशात बघू?” ते मऊपणाने म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. बाईंचा जीव त्यानेच जास्त जळला. रागवायला समोर एक धड माणूस तरी हवा होता.

वाचनालयात रोजचे निवृत्त पोस्टमन आजोबा वाट पाहत होते. त्यांनी चष्मा पुसून दानपत्राच्या दोन्ही बाजू वाचल्या. “सही आहे, शिक्का आहे. कोर्टाला खोटं वाटलं?”

“नाही हो आजोबा. कुणी वाचलंच नाही.”

“म्हणजे पत्र पोचलंच नाही म्हणा की!”

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. लांब टेबलावरच्या मुलींनी एकेक करून पुस्तकं मिटली.

“मिटू नका गं!” बाई ओरडल्या. “वाचा! अजून पंधरा दिवस आहेत.”