वही बंद होती

सभागृहाच्या मागच्या बाजूला जिना संपतो तिथे एक खोली आहे. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट, एक टेलिफोन आणि मी. एकोणीस वर्षं मी तिथे बसते आणि कुणी काम विचारलं की सांगते, मी जोड्या लावते. लोकांना वाटतं लग्नाच्या. एका नव्या सदस्यानं तर पहिल्याच दिवशी दाराबाहेर चपला काढल्या. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथे जोड्यांची वही असते.

काम साधं आहे. विरोधी बाजूचा एखादा सदस्य आजारी असतो, कुणाच्या घरी काही झालेलं असतं, त्याला मतदानाला येता येत नाही. मग सरकारी बाजूचा एक सदस्य त्याच्यासाठी स्वतःचं मत देत नाही. इकडचं एक गेलं, तिकडचं एक गेलं, फिट्टंफाट. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. दोघं माझ्यासमोर हात मिळवतात, वहीत सह्या करतात, आणि ती जोडी सोडवायची तर अडलेल्या सदस्यानं मला स्वतः सांगावं लागतं, की मी आलोय. बस्स. एवढ्याशा गोष्टीवर हे सगळं चालतं.

आता माझी एक पद्धत. मतदानाची घंटा आठ मिनिटं वाजते आणि बरोबर माझ्या डोक्यावर वाजते. त्या आठ मिनिटांत कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. जोडीतली माणसं मात्र नेमकी तेव्हाच जिन्यावरून डोकावणार, आपली जोडी आहे की सुटली? म्हणून पहिल्याच वर्षी मी ठरवून टाकलं. वही टेबलावर उघडी असेल तर जोड्या कायम. एखादी सुटली असेल तर त्या ओळीवर तांबडी रेघ. वही बंद असेल तर सगळ्या सुटल्या, जा आणि मत द्या. दोन्ही पक्षांची माणसं इतक्या वर्षांत त्या वहीकडे बघून आत गेली नाहीतर परत फिरली. माझ्याशी बोलायची कुणाला गरजच पडली नाही.

तर तो बंदराचा करार. आपलं मोठं बंदर शेजारच्या देशाला चाळीस वर्षं वापरायला द्यायचं की नाही, यावर सहा महिने सगळा देश एकमेकांच्या अंगावर धावून जात होता. आमच्याच घरात बघा ना. माझा नवरा कराराच्या बाजूनं, सासूबाई विरुद्ध. दोघं एका टेबलावर जेवायचे बंद झाले होते आणि मी दोनदा ताटं वाढत होते. मला कुणी विचारलं नाही तुझं मत काय. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की लवकर काय ते होऊन जाऊ दे.

मतदानाच्या दिवशी वहीत एकच जोडी होती. एवढ्या महत्त्वाच्या मताला कोण घरी बसतो? खाटेवरून उठून आले सगळे. फक्त मास्तर येऊ शकत नव्हते. मास्तर विरोधी बाजूचे, सत्तरीचे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले. त्यांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन नेमकं त्याच दुपारी होतं आणि पुढे ढकलणं शक्य नव्हतं. सरकारी बाजूचं कुणी त्यांच्याशी जोडी करायला तयार होईना. शेवटी मिस्त्री तयार झाला.

मिस्त्री पहिल्यांदाच निवडून आलेला. पूर्वी फरशा बसवायचा. अजूनही कुठल्याही खोलीत शिरला की आधी खाली बघतो, मग माणसाकडे. माझ्या खोलीत शिरल्यावर तो मला म्हणाला होता, "मॅडम, कोपऱ्यातली ती फरशी पोकळ आहे, टेबल तिकडे सरकवू नका." जोडी करताना तो मास्तरांना म्हणाला, "माझी आई दवाखान्यात वारली तेव्हा मी कामावर होतो. तुम्ही बसा त्यांच्याजवळ." मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वही तुमच्याकडे आहे बाई, म्हणून मी निश्चिंत."

मतदान पाच वाजता होतं. चार वाजता सरकारी पक्षाचे प्रतोद आले. आपल्या पक्षाची डोकी मोजणं आणि मताच्या वेळी त्यांना आत हाकणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत ते माझ्या खोलीत कधी बसले नव्हते. दारातूनच 'अहो' म्हणायचे आणि कागद टेबलावर टाकायचे. त्या दिवशी बसले. बाहेरून दोन कप चहा स्वतःच्या हातानं घेऊन आले.

"ताई, गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

माझे गुडघे दुखतात हे यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "बरे आहेत."

"हा जिना त्रासाचा आहे. तुमच्यासारख्या माणसाला इथे वर बसवायलाच नको होतं. ही सगळी व्यवस्था तुमच्यावर उभी आहे ताई, पण कुणाला त्याची किंमत नाही."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे मला कळत होतं. कळत होतं आणि मी चढत होते.

"एक मत कमी पडतंय," ते म्हणाले. "मतं समसमान पडली तर करार पडतो. मिस्त्री हट्टी आहे, जोडी मोडणार नाही."

"मास्तर आलेले नाहीत," मी म्हटलं. "तासाभरापूर्वी माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. ते दवाखान्यातच आहेत."

"मी कुठे म्हटलं आले म्हणून? तुम्हीही काही म्हणू नका. वही काय, टेबलावर असते. कधी उघडी असते, कधी बंद असते." त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि गेले.

त्यांनी मला धमकी दिली असती तर आज सांगायला बरं पडलं असतं. नोकरी जाईल म्हणाले असते, बदली करीन म्हणाले असते. तसलं काहीही नव्हतं. एक कप चहा, गुडघ्यांची चौकशी आणि ताई. एवढ्यावर मी शेण खाल्लं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं, जे सांगताना माझीच मान खाली जाते. सहा महिने ज्याच्यासाठी सगळे भांडत होते ते माझ्या हातात होतं, आणि मला ते आवडलं होतं.

पाचला घंटा सुरू झाली. मी वही बंद केली.

मिस्त्री जिना चढून आला. दारात थांबला, सवयीनं आधी फरशीकडे बघितलं, मग टेबलाकडे. वही बंद दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तो हसला. त्यानं छातीवर हात ठेवला आणि घंटेच्या आवाजात काहीतरी विचारलं. ओठांवरून कळलं, वहिनी बऱ्या आहेत ना? त्याला वाटलं ऑपरेशन नीट झालं आणि मास्तर मत द्यायला येऊन पोचले. मी खण उघडला आणि टाचणी शोधायला लागले. मला टाचणीची काहीही गरज नव्हती. खण बंद करून वर बघितलं तेव्हा तो खाली पळत गेलेला होता.

निकाल माझ्या खोलीतल्या भोंग्यावर ऐकू येतो. बाजूनं दोनशे बारा, विरुद्ध दोनशे अकरा. खाली बाकं बडवली जात होती. मी वही पुन्हा उघडली. का, ते विचारू नका.

वीस मिनिटांनी टेलिफोन वाजला. मास्तर होते. मागे कुणाची तरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता.

"बाई, ऑपरेशन नीट झालं," ते म्हणाले. "आत्ता शुद्धीवर आलीय. इथल्या टीव्हीवर मतदान बघत होतो. मिस्त्री आत गेला हो."

मी टेबलावरच्या उघड्या वहीकडे बघितलं.

"वही उघडी होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं. तुमच्याबद्दल प्रश्नच नव्हता, उगाच विचारलं. म्हातारपणी माणूस ओळखता आला नाही मला, एवढंच."

घरी गेले तर टीव्ही लावलेला. सभागृहाच्या पायऱ्यांवर मिस्त्रीला बातमीदारांनी घेरलं होतं. एकानं विचारलं, शब्द मोडायचा काय भाव घेतलात? मिस्त्री खाली बघत होता. "माझी चूक झाली," एवढंच तो म्हणाला. "मी मास्तरांची माफी मागतो." वहीचा त्यानं उल्लेखही केला नाही. पुन्हा पुन्हा विचारलं तरी नाही.

"लाज नाही मेल्याला," सासूबाई म्हणाल्या.

"करार झाला ते चांगलं झालं," नवरा म्हणाला, "पण माणूस नीच निघाला."

"अगदी नीच," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर जेवायला बसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मी दोघांना एकदमच वाढलं. माझं ताट मात्र मी तसंच झाकून ठेवलं. नवरा म्हणाला, दमलीस का? मी हो म्हटलं. एकदा हो म्हणायची सवय लागली की सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या दारात उभा होता. हातात फळांची पिशवी. मला वाटलं आता हा ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. भांडणात माणसाला तोंड लपवायला जागा मिळते.

"मॅडम, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी खाली जाण्याआधी तोंडानं विचारायला हवं होतं. घंटा थांबेपर्यंत थांबायला हवं होतं. तुम्ही काहीतरी आवरताना वही मिटली असेल, होतं असं. मी कुठे तुमचं नाव घेतलेलं नाही."

"का नाही घेतलं?"

"एका माणसाची शोभा झाली तेवढी पुरे. तुमची नोकरी आहे." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सकाळी मुलीला शाळेत सोडायला गेलो. तिथल्या बाईंनी तिला आत घेतलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. चालायचंच. पण मास्तर फोन घेत नाहीयेत. मला त्यांना भेटायचंय. तुम्ही बरोबर आलात तर ते भेटतील. तुमच्या शब्दाला मान देतात ते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. तशी सोय नसते. मी पर्स उचलली आणि त्याच्याबरोबर जिना उतरले.

मास्तर वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले होते. अंगावर कालचेच कपडे, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मला बघून उठले, सरकून माझ्यासाठी जागा केली. "बसा बाई. तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मिस्त्रीकडे त्यांनी मान वळवली नाही. मी बसले.

मिस्त्री पिशवी धरून समोर उभा राहिला. "मास्तर, चुकलो."

"गणित चुकतं," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "तुम्ही शब्द मोडलात. दोन्हींत फरक आहे. माझी बायको आत बेशुद्धीत होती तेव्हा तुम्ही हे केलंत. ती बरी होऊन घरी आली की मी तिला काय सांगू, की तुझ्याजवळ बसलो म्हणून बंदर गेलं?"

मिस्त्री फरशीकडे बघत होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होते आणि वाट बघत होते की आता तरी हा माझ्याकडे एकदा बघेल. फक्त बघेल. त्याच्या एका नजरेनं सगळं उघड झालं असतं आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. त्यानं बघितलं नाही.

"वही मी बंद केली," मी म्हटलं.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांना ऐकू आलं होतं, पण कळलं नव्हतं.

"चुकून नाही," मी म्हटलं. "ठरवून. तुम्ही इथे आहात हे मला माहीत होतं. प्रतोद आले होते. मग हे मिस्त्री वर आले, यांनी वही बंद बघितली, यांना वाटलं तुम्ही आलात. वहिनी बऱ्या आहेत ना, असं विचारून हे आत गेले. आणि काल फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलले."

मिस्त्रीनं पिशवी हळूच खाली ठेवली. आता त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ते सहन होईना म्हणून मी मास्तरांकडे बघत राहिले. वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही.

मास्तर रागावले नाहीत. गणिताचा पेपर तपासताना एखादी चूक सापडली की माणूस मागची पानं उलटून बघतो ना, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"बाई," त्यांनी विचारलं, "याआधी कितीदा?"

"एकदाही नाही," मी म्हटलं.

हे खरं होतं. एकोणीस वर्षं, कपाटात सात वह्या, एकही जोडी मी अशी सोडलेली नव्हती. पण माझा आवाज माझ्याच कानांनी ऐकला आणि कळलं, काल टेलिफोनवर मी 'हो' म्हटलं होतं ते अगदी याच आवाजात.

मास्तरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग ते उठले, त्यांनी मिस्त्रीच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चला, ती जागी आहे. तुम्हाला बघून तिला बरं वाटेल." दोघं आत गेले. फळांची पिशवी माझ्या पायाशी राहिली होती. ती आत नेऊन द्यायला मी उठले, दारापर्यंत गेले, आणि दाराला टेकवून ठेवून परत फिरले.