शिवणवाल्या मावशी धावल्या

अठ्ठावन्नाव्या वर्षी मॅरेथॉन! गल्लीला आयतंच खाद्य मिळालं. शिवणवाल्या मावशींनी मात्र शाळेच्या गणवेशातून उरलेल्या निळ्या कापडाची पँट शिवली, तिला चांगले ऐसपैस दोन खिसे लावले आणि वर्षभर भल्या पहाटे सुनेला घेऊन पळायला जाऊ लागल्या. "गुडघे काय म्हणतात, मावशी?" कुणी विचारलं, की म्हणायच्या, "शिव्या देतात मेले. देऊ देत की!"

नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांना आसरा देणारं एक केंद्र होतं, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाकडून मावशी वर्गणी उकळायच्या. वर्गणी दिल्याशिवाय मापच घ्यायच्या नाहीत.

मागे याच केंद्राने त्यांच्या सुनेला सांभाळलं होतं. मारणारा कोण, तर मावशींचाच एकुलता एक लेक. "घरातलं भांडण, घरातच मिटवा," असं सांगणारे पायलीचे पन्नास होते. मावशींनी लेकाची बॅग भरून दाराबाहेर ठेवली आणि सुनेला हाताला धरून घरी आणलं.

पण आईचं काळीज ते! तो समोर आला तर आपण लोण्यासारख्या विरघळू, ही एकच धास्ती. मग या पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आणि नेमका शर्यतीच्या दिवशी तो आला. शेवटच्या वळणावर, हातात पाण्याची बाटली घेऊन. केवढा वाळला होता! मावशी थांबल्या. सूनही थांबली, पण चार हात लांब.

"आई, पाणी घे गं."

मावशींनी बाटली घेतली. "जेवतोस का रे वेळेवर?"

"कसलं जेवण! आता तरी घरी येऊ दे मला."

मावशींचा जीव कासावीस झाला. पोटचा गोळा होता हो! हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? "तिला विचार," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्याने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. "तिला काय विचारायचंय? घर तुझं आहे ना?"

मावशींनी बाटली न उघडताच परत त्याच्या हातात ठेवली.

"माझं आहे, म्हणूनच तू यायचं नाहीस. चल गं पोरी."

तिथून पुढे मावशी हमसून हमसून रडत धावल्या. कडेच्या लोकांना वाटलं, बाई दमली. ते आणखीच जोरात टाळ्या पिटू लागले.