तळं निवळलं

उमापूरच्या अलीकडं दोन कोसांवर जे गाव आहे, त्याचं तळं इतकं हिरवं झालं होतं की एका शेळीनं गवत समजून त्यावर पाय टाकला आणि ती पुन्हा वर आलीच नाही. वर टिकल्यांएवढ्या पानांची जाड साय, खाली बायकांच्या केसांसारखं लांब शेवाळ. म्हशी तोंड लावीनात. आधीच्या सरपंचानं मोरचूद ओतून पाहिलं. चार दिवस पाणी निळं दिसलं, पाचव्या दिवशी मासे पोट वर करून काठाला लागले. तेव्हा ग्रामसभेनं ठराव केला, की तळ्यात औषध नको म्हणजे नको.

म्हणून नवा सरपंच बंकट एके दिवशी जैनबबीच्या दारात आला. तळ्याच्या काठावरच तिचं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. नवरा ख्वाजा सायकली दुरुस्त करायचा, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकरूबाळ नव्हतं. गोदाकाठच्या बदकवाल्याकडून तिनं अंडी आणली, कोंबडीखाली उबवली आणि वाढवत वाढवत बावीस बदकं केली. गाव हसायचं.

"चाची, तुमची बदकं तळ्यात सोडा की," बंकट म्हणाला. "पुढल्या सालात स्वच्छ तळ्याच्या स्पर्धेत उतरायचंय आपल्याला."

"सोडते. पर बावीसच हां. जास्त झाली तर त्यांच्या घाणीनंच शेवाळ वाढतंय. आन् सांजच्याला घरी."

"तुमी म्हणाल तसं."

दिवाळीनंतर जैनबबी कामाला लागली ती शिमग्यापर्यंत थांबली नाही. टिकल्या बदकांनी खाल्ल्या. केसाळ शेवाळाला बदकं पुरी पडेनात, तेव्हा तिनं बाभळीच्या काट्यांची जुडी बांधली, दोराला दगड लावला आणि ती तळ्यात टाकून काठावरून ओढू लागली. काट्यांना शेवाळ गुंडाळून यायचं, ओल्या गोधडीसारखं जड. रोज एकच कोपरा. शेजारची दुकानवाली महानंदा म्हणायची, "एकदाचं समदं ओढून काढा की वं."

"एकदम ढवळलं तर खालचं सडतंय, पान्याचा दम जातोय, मासे मरत्यात," जैनबबी सांगायची. ओढलेला ढीग ती दिवसभर पाण्याला लागून ठेवायची, आतले किडेगोगलगायी परत पाण्यात जाव्यात म्हणून. मग तो महानंदाच्या शेतात खताला. पायाच्या बोटांत चिखल्या पडल्या, पोटऱ्यांना जळवा लागल्या. मीठ चोळून ती पुन्हा उतरायची.

माघात पाण्याखालची पायरी दिसली. फाल्गुनात महानंदाची म्हैस गुडघाभर आत जाऊन पोटभर प्याली. त्या दिवशी महानंदानं जैनबबीला हात धरून दुकानात बसवलं, चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

स्पर्धेच्या समितीचे साहेब येणार म्हणून गाव झाडून निघालं. आदल्या सकाळी बंकट दोन माणसं घेऊन आला.

"चाची, साहेबलोकांना बकरं रोजचंच झालंय. काईतरी न्यारं पायजे. बदकं कापू म्हणतो."

जैनबबीला आधी चेष्टाच वाटली. "बदकं? का बरं?"

"त्यांचं काम झालं न्हाई का आता."

"माजी हायत ती."

"तळं गावाचं हाय ना? गावाचं खाऊन फुगलीत." बंकटचा आवाज चढला नाही. "आन् तुमच्या घराच्या नोंदीचा अर्ज हाय माज्यापुढं. गायरानात हाय घर. म्हैनाअखेरच्या बैठकीत घ्यायचा का ठिवायचा, बघतो."

माणसं तळ्यात उतरली. बदकं मधोमध गेली. एकानं ढेकळं मारली, दुसऱ्यानं मच्छरदाणी पसरली. तासाभरात दोघं चिखलानं माखले, हाती लागलं एकच, तेही मान मुरगळून अर्धमेलं. ते काठावर तडफडत राहिलं आणि माणसं हसत राहिली.

महानंदा दुकानाच्या उंबऱ्यावरून बघत होती. तिच्या घरात अंडंसुद्धा शिवत नाहीत. पण सरपंच वैतागलेला दिसला, तशी ती म्हणाली, "आशी न्हाई येणार ती. चाचीच्या हाकेला येत्यात."

जैनबबीनं तिच्याकडं पाहिलं. महानंदानं खाली मान घालून बरण्या पुसायला घेतल्या.

"हाका मारा," बंकट म्हणाला.

अर्धमेलं बदक अजून पंख आपटत होतं. जैनबबी उठली, घरातून सुरी आणली, बिस्मिल्ला म्हणून त्याची सुटका केली. हात धुऊन म्हणाली, "तुमी कुनी हात लावू नका. मीच करते."

"तई, तई, तई," तिनं हाक मारली.

सगळी आली. रांगेनं, पाण्यावर रेघा काढत, काठ चढून तिच्या लुगड्याला चोची लावत. तिनं एकेकाला मांडीखाली धरलं. उरलेली पळाली नाहीत. ती आहे म्हणून तिथंच दाणे शोधत राहिली. दुपारपर्यंत संपलं. पिसं आणि आतडी त्या माणसांनी तळ्यातच भिरकावली.

दुसऱ्या दिवशी रस्साही तिच्याकडूनच करून घेतला. "तुमच्या हाताला चव हाय," बंकट म्हणाला. मंडपात साहेब बोटं चाटून म्हणाले, "पाणी तर आरशासारखं झालंय. कसं केलंत हो?"

"लोकसहभाग, साहेब," बंकट म्हणाला. मग एक ताट भरून तो चुलीपाशी आला. "चाची, चार घास घ्या. तुमी न्हाई खाल्लं तर लोक म्हणतील, आत काय मिसळलं का काय."

साहेब तिकडंच बघत होते. तिनं चार घास खाल्ले. पाचवा त्यानं वाढला, तोही खाल्ला.

गावाला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला. नंबराबरोबर तळ्याभोवती बाग मंजूर झाली, चालायला फरशी, बसायला बाकडी. ज्येष्ठात मोजणीवाले आले. फरशीची आखणी जैनबबीच्या चुलीवरून जात होती.

ती ग्रामपंचायतीत गेली. "तू म्हणला होतास, नोंदीचं बघतो."

"केलती की मी शिफारस," बंकट म्हणाला. "वरून नकाशा आलाय. माज्या हातात काय हाय? आन् चाची, तळं इतकं देखणं नसतं झालं तर बागच आली नसती. तुमच्याच हातचं हाय हे."

जैनबबी म्हणाली, "पत्रे काढून घेऊ दे. भावाला लागतील."

पत्रे काढायला एक दिवस मिळाला. पावसाच्या चार सरी पडून गेल्यावर तळ्याच्या कडेला पुन्हा हिरवी साय धरू लागली होती. पिसांच्या जागी जास्तच. महानंदा काठावर येऊन म्हणाली, "चाची, परत घाण व्हाया लागलंय. काय करावं वं?"

जैनबबीनं पत्र्याची दोरी आवळली. केजला भाऊ अशफाक फळांचा गाडा लावतो, त्याच्याकडं जायचं होतं. जीप हॉर्न देत होती.

"म्हैस दुसरीकडं पाज," ती म्हणाली आणि जीपमध्ये चढली.