गोवराची दोन कार्डं

त्याने दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, पण त्यांच्यावरचा हात काही उचलला नाही.

"सोडा की," शाळेची नर्सबाई म्हणाली. "वर्गात गोवर निघालाय. डोस पूर्ण असलेली पोरं बसतील, बाकीची तीन आठवडे घरी. मला कार्डं बघायचीत, तुमचा हात नाही."

"कार्डावर पूर्णच आहेत."

"मग?"

"कार्डावर."

नर्सबाईने पेन खाली ठेवलं.

जुळे तेव्हा दीड वर्षाचे होते. ओळखू यावेत म्हणून थोरल्याला लाल टोपी, चार मिनिटांनी लहान असलेल्या धाकट्याला निळी. बायको कामावर, म्हणून तो एकटाच दोघांना घेऊन दवाखान्यात गेला. लाल टोपीवाल्याला सुई टोचली, त्याने टाहो फोडला. समजूत काढायला बापाने टोप्यांची अदलाबदल केली. रडं थांबलं. मग आतून "आता निळा" असा पुकारा झाला आणि त्याने, शिस्तीचा माणूस, निळा पुढे केला. दोन्ही कार्डांवर शिक्के पडले. घरी आल्यावर थोरला दोन्ही दंड धरून बसला, आणि धाकटा इतका खुशीत होता की त्याच्याकडे बघवेना.

"बायकोला काय सांगितलंत?"

"दोन टोचून आणल्या म्हणालो. आकडा बरोबर होता."

नर्सबाई हसली नाही. ती हसेल अशी त्याला आशा होती.

"साडेचार वर्षं मी धाकट्यावर ओरडलेलो नाही," तो म्हणाला. "परवा त्याने माझा चष्मा मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीत टाकला. मी म्हटलं, छान. आज त्याला टोचून टाका, बाई. बायकोला कळायच्या आत."

नर्सबाईने धाकट्याचं कार्ड उलटं केलं. मागे शेऱ्याच्या रकान्यात दवाखान्याच्या अक्षरात एकच नोंद होती. तारीख टोप्यांच्या दुसऱ्या दिवसाची. 'दंडावर खूण नाही. आईने पुन्हा आणले. डोस दिला.' खाली बायकोची सही.

त्याने ती नोंद दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"मागची बाजू कधी बघितली नाहीत?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला.

"दिलीस का कार्डं?" बायकोने विचारलं.

"दिली."

"बघितली त्यांनी?"

"दोन्ही बाजूंनी."

 नर्सबाई उगाचच कपाट उघडून त्यात काहीतरी शोधू लागली.

"बरं," बायको म्हणाली. "सांग आता. ऐकतेय मी."