मोरीतला नळ

महिपतच्या घरी गिझर बसवला त्या दिवशी आमच्या सप्ताहाचा तिसरा दिवस होता आणि भगवानबुवा सात वाजता कीर्तनाला उभे राहणार होते. मी टाळकरी. बुवांच्या मागे, डाव्या हाताला तिसरा. पंधरा वर्षांत ती जागा एकदाही रिकामी राहिली नव्हती. ती राहू नये म्हणून मी साडेसहाला काय केलं, ते आधी सांगतो.

साल ब्याण्णव. कोपरला आमच्या देवळामागच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर महिपत राहायचा. मानपाड्याच्या एका कंपनीत फिटर. बायको शीला डोंबिवलीतच वाढलेली, आणि आई हौसाबाई, पाटणकडची, नवरा गेल्यावर मुलाकडे आलेली. घरात आधी साधी मोरी होती, कडप्प्याची, कोपऱ्यात तांब्याचा बंब. ती फोडून महिपतने बाथरूम केलं. छतापर्यंत गुलाबी टाइल्स, प्रत्येक चौथ्या टाइलवर कमळ. बंब भंगारात गेला आणि गिझर आला.

वायरिंग माझ्याकडे होतं. लायसन्स माझं, त्यामुळे वीज मंडळाच्या टेस्ट रिपोर्टवर सहीही माझीच लागणार. मी महिपतला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "स्विच बाथरूमच्या बाहेर. आणि अर्थिंगची तार गिझरपासून थेट खाली जमिनीपर्यंत वेगळी न्यायची. खाली खड्डा, त्यात प्लेट, मीठ आणि कोळसा. ओल्या जागेत याशिवाय गिझर नाही."

"करा की काका," महिपत म्हणाला.

पण तार न्यायची वेळ आली तेव्हा टाइल्स लागून गेल्या होत्या. शीला दारात उभी राहिली. "म्हणजे ही पट्टी माझ्या कमळांवरून जाणार? अहो काका, भिंतीला गंध लावल्यासारखं दिसेल!"

"बाहेरून, पाइपांच्या डक्टमधून नेतो मग. शिडी लागेल. अर्धा दिवस."

"मग उद्या करा. पण गिझर आजच चालू करून द्या हं. उद्या माहेरची माणसं येणारेत."

घड्याळात साडेसहा झाले होते. देवळातून पखवाज जुळवल्याचा आवाज येत होता. मी गिझरची अर्थिंगची तार घेतली आणि नळाच्या पाइपला गुंडाळली. पाइप लोखंडी, तो जमिनीत जातो, म्हणजे भागलं. पाण्याच्या पाइपला अर्थिंग बांधायला नियमाने बंदी आहे हे मला पाठ होतं. मी स्वतः चार जणांना ते शिकवलं होतं. मग मेगर बाहेर काढलं. तारेतून वीज कुठे झिरपते का ते दाखवणारं यंत्र. हँडल फिरवायचं आणि काटा बघायचा. मी ते पेटीवर ठेवलं, हँडलला हात न लावता रिपोर्टात आकडा लिहिला आणि सही ठोकली.

सातला पाच मिनिटं होती तेव्हा मी गळ्यात टाळ अडकवले होते. हौसाबाई बायकांत पहिल्या रांगेत बसलेल्या. मला बघून हसल्या. "आलासा? मला वाटलं आमची मोरी तुमास्नी सोडती का न्हाई!"

'उद्या' काही आला नाही. सप्ताह संपला, मग लग्नसराईची कामं आली. मधल्या काळात प्लंबर येऊन काहीतरी करून गेला, तेही मी विचारलं नाही.

आषाढात एकदा कीर्तन सुटल्यावर हौसाबाईंनी मला खांबाशी गाठलं. "त्र्यंबकराव, आमचा मोरीतला नळ चावतुया."

"चावतो म्हणजे?"

"पहाटं द्येवाचं पाणी भरताना. हाताला धरतंय. कोपरापतूर मुंग्या येत्यात. काल तर कळशी सुटली हातातनं."

पहाटे कार्पोरेशनचं थेट पाणी तेवढ्या एकाच नळाला यायचं. स्वयंपाकघरात टाकीचं पाणी, आणि टाकीत कबुतरं पडतात म्हणून ते देवाला चालायचं नाही. त्या रोज साडेपाचला उठून तांब्याची कळशी त्या नळाखाली धरत.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. गिझर बंद होता. नळाला हात लावला. काही नाही.

"पहाटं या की," त्या म्हणाल्या. "पहाटंच चावतुया."

"आई, नळाला काय घड्याळ कळतं का?" शीला आतून म्हणाली, आणि मी हसलो. हसायला नको होतं. पहाटे गेलो मात्र नाही.

त्यानंतर त्या घरात नळाचा विषय रोजचा झाला. महिपत म्हणे, "मी रोज अंघोळ करतो, मला का नाही चावत?" शीला म्हणे, "मी बादली भरते, मला का नाही चावत?" समोरच्या दाराचा सुधीर जिन्यात भेटला की विचारायचा, "काय आजी, आज कुठे चावला? डाव्या हाताला की उजव्या?" हौसाबाई आधी भांडायच्या. मग नुसत्या हात बघत बसायच्या.

एक दिवस महिपत मला रस्त्यात म्हणाला, "काका, ती सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय. सुनेने नळावर काहीतरी केलंय, असं लोक बोलायला लागलेत. आता अजून एकदा नळाचं नाव काढलं, तर धोंडीबादादाकडे गावाला पोचवणार."

गावाला म्हणजे गोठ्याला लागून एक खोली. थोरल्या मुलाच्या घरात या बाईशी दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं. देवळात कीर्तन वर्षातून एकदा, तेही बुवा मिळाले तर. हौसाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "हितं हाय तवर मी जित्ती हाय. रोज कानावर नाव पडतंय." त्यांना दुसरं काहीच नको होतं.

"काका, रविवारी सकाळी या," महिपत म्हणाला. "पाच माणसांसमोर सोक्षमोक्ष लावून टाकू. गिझर चालू ठेवून, पाणी चालू ठेवून. तुम्ही लायसन्सवाले. तुमच्या शब्दावर ती गप बसेल."

रविवारी आठला गेलो. सुधीर आणि त्याची बायको आली होती. वरच्या मजल्यावरचे रतनशेठ चहा पीत बसले होते. कुणाच्या तरी मुलीला बघायला आल्यासारखं वातावरण. हौसाबाई देवघरासमोर बसलेल्या, धुतलेलं लुगडं, कपाळावर बुक्का, मांडीवर कळशी.

लादी ओली होती. शीलाने बाथरूमच्या निळ्या रबरी चपला उंबऱ्याशी ठेवल्या. "एकेक जण घालून जा हं, घसराल."

आधी महिपत गेला. चपला घातल्या, नळाला हात लावला, वळून म्हणाला, "काय? काही नाही." चपला उंबऱ्यावर काढल्या. त्याच चपलांत रतनशेठ शिरले. "एकदम ओके." मग सुधीरची बायको, तिलाही काही नाही. मग सुधीर. त्याने नळ दोन्ही हातांनी धरला आणि अंग थरथरवून ओरडला, "आई गं! चावला, चावला!" सगळे खो खो हसले. शीलाने पदर तोंडाला लावला.

"आता काका."

मी चपला घातल्या. चार जणांच्या पायांनी त्या कोमट झाल्या होत्या. नळाला हात लावला. काही नाही. बाहेर आलो आणि उजव्या पायातली चप्पल काढताना मला कळलं.

रबर. प्रत्येक जण रबरावर उभा होता. महिपत अंघोळीला बसतो तेव्हा बादली आधीच भरून ठेवलेली असते आणि गिझर बाहेरून बंद केलेला असतो. शीला बादली भरते ती या चपलांत. आणि पहाटे गिझर तापत असतो, पण देवाचं पाणी चपला घालून कुणी भरत नाही.

माझ्या खिशात टेस्टर होता. तो नळाला टेकवायचा आणि दिवा लागतो का बघायचा, बस्स. एवढा एक क्षण लागला असता. मग पाच जणांनी तो दिवा पाहिला असता, आणि कुणीतरी विचारलं असतं, रिपोर्टवर सही कुणाची?

मी दुसरी चप्पल काढली.

"चल आई," महिपत म्हणाला. "आता तू. चपला घाल."

"द्येवाच्या पाण्याला चपला?" हौसाबाई उठल्या. "येडा हायस का?"

त्या अनवाणी आत गेल्या. कळशी नळाखाली धरली, दुसरा हात तोटीवर ठेवला. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं होतं, हे देवाशपथ खरं. आवाज आला नाही. त्यांच्या तोंडून मात्र आला, एखाद्या मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. कळशी फेकली गेली, कमळाच्या टाइलवर आपटली, आणि त्या मागच्या मागे ओल्या लादीवर बसल्या.

मग सुधीर म्हणाला, "आजी, माझ्यापेक्षा भारी केलंत तुम्ही."

पुन्हा हशा. या वेळी तो लवकर थांबला, कारण महिपत ओरडला, "बास! बास झालं आता! पाच माणसांनी हात लावला. पाच! माझी अब्रू घालवायची ठरवलीयस का तू?"

"ठाण्याला दाखवून आणा एकदा," रतनशेठ हळू आवाजात म्हणाले. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

हौसाबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"त्र्यंबकराव, तुमी टाळकरी. माळ हाय तुमच्या गळ्यात. तुमी खोटं बोलायचं न्हाईसा. सांगा, काय हाय त्या नळात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गळ्यातली माळ मला एकदम जड लागली.

"काही नाही, हौसाबाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग खाली वाकून कळशी उचलली. तिला अंगठा मावेल एवढा पोचा पडला होता. तो त्या पदराने पुसत राहिल्या, पुसून जाईल असा.

सोमवारी महिपत कामावर गेल्यावर मी शिडी घेऊन गेलो. शीलाला म्हटलं, गिझरची सर्व्हिसिंग राहिलीय. ती म्हणाली, "करा. मी आईंना नसांच्या डॉक्टरकडे नेतेय. चावी सुधीरभावजींकडे द्या." हौसाबाई जिना उतरून गेल्या, एकेक पायरी बघत. मला 'येते' म्हणाल्या.

डक्टमध्ये चढलो तर पाइपाचा हातभर गंजलेला तुकडा कापून तिथे पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा घातलेला. तिथेच सगळं तुटलं होतं. गिझर आतून झिरपत होता, माझी तार ती वीज पाइपात आणून सोडत होती, आणि पाइप जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. जमिनीपर्यंत पोचायला विजेला रोज पहाटे दोन पाय मिळत होते.

मी पाइपवरची तार सोडली. गिझरचं कॉइल बदललं. डक्टमधून नवी तार खाली नेली, बिल्डिंगच्या मागे स्वतः खड्डा खणला, प्लेट उभी केली, मीठ आणि कोळसा भरला, पाणी ओतलं. मेगरचं हँडल फिरवलं. तीन वेळा फिरवलं. काटा जिथे असायला हवा तिथे होता. सगळं मिळून साडेतीन तास. कमळाला कुठेही धक्का लागला नाही.

बुधवारी महिपत स्वतः माझ्या घरी पेढे घेऊन आला. "काका, एका गोळीत उतार! काल पहाटे तिने नळाला हात लावला, काही नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. नसा भ्रम दाखवतात."

मी पेढा घेतला. खाल्ला.

"गोळीने झोप फार येते तिला," तो म्हणाला. "आज पहाटे उठताच आलं नाही. आता शीलाच भरते देवाचं पाणी. आणि धोंडीबादादाला पत्र टाकलंय. आता ती स्वतःच म्हणते, मला गावाला पोचवा."

मी त्याला खालच्या खड्ड्याबद्दल सांगणार होतो. 'महिपत, बस जरा,' एवढं म्हणायचं होतं. तो चपला घालून गेलाही.

एकादशीला भगवानबुवांचं कीर्तन होतं. दुसऱ्या दिवशी धोंडीबा आईला नेणार होता. सात वाजत आले होते. आम्ही टाळकरी रांगेत उभे होतो. शीला हौसाबाईंना दंडाला धरून घेऊन आली. त्यांचे डोळे जडावलेले, पाऊल उचलून न ठेवता फरफटत टाकत होत्या. पहिल्या रांगेत बसायच्या ऐवजी त्या सरळ माझ्यासमोर आल्या आणि सगळ्या देवळासमोर वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, काय करताय!" मी मागे सरलो. मागे पखवाजवाला होता. जागा नव्हती.

"माफी करा, त्र्यंबकराव. तुमी माळकरी माणूस, तुमी न्हाई म्हनलासा, तरी म्या तुमच्या कामाला नाव ठिवलं. ल्येकाला बोल लावला, सुनंला लावला. माज्याच डोस्क्यात हुतं सगळं. गोळीनं कळलं." त्यांनी पिशवीतून कळशी काढून माझ्या हातात दिली. पोचा तसाच होता. "ही बुवांच्या पान्याला ठिवा. डोस्कं फिरल्याल्या बाईनं द्येवाचं पाणी भरू नये."

"हौसाबाई," मी म्हणालो.

त्या थांबल्या. तोंड वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. शीलाही बघत होती. बुवांनी उपरणं सावरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नाव घ्यायचं ना, त्र्यंबकराव?"

मी कळशी बुवांच्या पायाशी ठेवली. हौसाबाई बायकांत मागे, भिंतीला टेकून बसल्या. बुवांनी नाव घेतलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते, मान छातीवर पडलेली.

मी टाळ उचलले. दोन तास कीर्तन झालं. माझा ठेका एकदाही चुकला नाही.